चार सुताचा बोल्ट

१

गाडी आमच्या फाटकाच्या अलीकडे, भिंतीला नाक लावून उभी होती. पुढचं डावं चाक बाहेर फाकलं होतं. माझी मुलगी पायरीवर बसली होती, उजवा हात छातीशी घट्ट धरून. मनगट सुजलं होतं.

"ब्रेक दाबला आणि चाकच गेलं," ती म्हणाली. "वेग नव्हता म्हणून वाचले, बाबा."

ती गाडी माझ्या बायकोने बांधलेली. बांधलेली म्हणजे खरोखरच बांधलेली. सांगाडा, दांडे, चाकं, पत्रा, सगळं सुटं सुटं पेट्यांतून आलं आणि हिने ते घरच्या गॅरेजमध्ये एकेक करून जोडलं. ही एका कारखान्यात तपासणी विभागात होती. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे आणि चुकलेले परत पाठवायचे, हे तिचं काम. घरी आल्यावर विरंगुळा म्हणून पुन्हा तेच. मी आयुष्यभर बस चालवली, पण बॉनेट कधी उघडलं नाही. तिच्या कामात माझी मदत एवढीच, की दिवा धरायचा आणि तो हलू द्यायचा नाही.

पुढचं सस्पेन्शन तिने सगळ्यात शेवटी जोडलं. तेव्हा ती आजारी होती. गाडी रस्त्यावर आलेली तिने पाहिली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. गाडी तिने मुलीला दिली होती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले वस्ताद आले. पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. थोड्या वेळाने फक्त आवाज आला.

"काका, चाकाला धरून ठेवणारे दोन त्रिकोणी दांडे असतात, एक वर, एक खाली. खालच्याचे दोन पाय सांगाड्याला बोल्टने बांधलेले असतात. त्यातला पुढच्या पायाचा बोल्ट गायब आहे. नट सुटला, मग बोल्ट चालत चालत बाहेर आला."

"नट आपोआप सुटतो?"

वस्ताद बाहेर आले. हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नीट घट्ट केलेला सुटत नाही."

संध्याकाळी सगळे माझ्याकडे जमले. मुलीच्या हाताला प्लास्टर होतं. माझा मेहुणा, म्हणजे मुलीचा मामा, हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, ताई शेवटी शेवटी फार थकली होती. राहिलं असेल एखादं आवळायचं. त्यात काय!"

"आईच्या हाताला कंप होता," मुलगी म्हणाली. "आपण सगळे बघत होतो. कुणी बोललं नाही, एवढंच."

जावई म्हणाले, "बाबा, मी शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय. ही गाडी परत रस्त्यावर नको."

कुणी वाईट बोललं नाही. सगळे समजुतीनेच बोलत होते, आणि मला नेमकं तेच सोसवेना. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, तिच्या नावावर एक चूक चढवून सगळे तिला माफही करून मोकळे झाले होते. आणि ती चूकही साधी नव्हे. पोटच्या पोरीचा जीव जाता जाता राहिला होता.

"शनिवारपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो. "तो बोल्ट हिने सैल ठेवला असेल, तर मी स्वतः गाडी भंगारात घालीन. पण आधी मला ते कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्यावर उतरलो आणि खाली मान घालून चालू लागलो. बोल्ट वस्तादांना आदल्या दिवशीच सापडला होता. मला नट हवा होता. गतिरोधकाच्या पुढे, गटाराच्या जाळीला तो अडकलेला दिसला. उचलला, चिखल पुसला, आणि तिथेच कठड्यावर टेकलो.

नटावर हिची खूण होती.

२

खुणेचं सांगायला हवं. एकदा बोल्ट पक्का आवळला की ही त्यावर जांभळ्या नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. बोल्टच्या टोकावरून सुरू करून नटावरून खाली, थेट सांगाड्यापर्यंत. रेघ सरळ असली म्हणजे नट हललेला नाही. तुटलेली दिसली म्हणजे हलला. नेलपॉलिश मुलीचं होतं, लग्नाआधी इथे विसरलेलं. हिने स्वतःच्या नखांना कधी लावलं नाही, पण गाडीच्या नटांना हौसेने लावलं.

वस्तादांनी नट हातात घेतला आणि मान हलवली. "नट त्यांचाच. आता काय राहिलं, काका?"

"बोल्ट दाखवा."

बोल्ट त्यांनी एका डब्यात ठेवला होता. माझ्या अंगठ्याहून बारीक, लांबीला वीतभर. मी टोक उजेडात धरलं. त्यावर जांभळा रंग अजिबात नव्हता.

"रेघ टोकापासून सुरू होते," मी म्हणालो. "मग इथली कुठे गेली?"

"रस्त्यावर घासली असेल."

"सांगाड्यावरची आहे. नटावरची आहे. नट तर गटारात पडला होता. बोल्टवरची तेवढी घासली?"

"काका, तुम्हाला वाटतंय की हा बोल्ट दुसराच आहे. आपण बघू." वस्तादांनी खिशातून पात्यांचा जुडगा काढला. प्रत्येक पात्याला करवतीसारखे दात. आट्यांमधलं अंतर किती, ते त्याने कळतं. ज्या पात्याचे दात आट्यांत फट न ठेवता बसतात, तेच त्या आट्यांचं माप. त्यांनी एक पातं बोल्टवर ठेवलं. बसलं. तेच पातं नटाच्या आत तिरकं धरलं. तेही बसलं.

"बघा. आटे एकच. आणि पाना?" त्यांनी एकोणीसचा पाना बोल्टच्या डोक्याला लावला, मग नटाला. दोन्हींना चपखल. "पाना एक, आटे एक. हा नट या बोल्टचाच. वाईट वाटून घेऊ नका."

नट-बोल्ट रुमालात बांधले आणि घरी आलो.

जेवणाच्या टेबलावर बसून मी नट बोल्टवर चढवू लागलो. उद्देश काहीच नव्हता. हाताला चाळा हवा होता. नट बोटांनीच फिरत वर गेला. नायलॉकचा नट होता तो, म्हणजे आत नायलॉनची कडी असते आणि ती बोल्टला आवळून धरते. मी हिच्यासाठी दिवा धरायचो तेव्हा असे नट चढवताना तिच्या कपाळावर घाम यायचा, पाना दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. हा मात्र बाटलीचं झाकण लावावं तसा गेला.

मी नट धरला आणि बोल्ट आडवा हलवून पाहिला. नटाच्या आत बोल्ट खुळखुळत होता.

३

हिचं व्हर्निअर कपाटात होतं, मखमलीच्या पेटीत. जबड्यात वस्तू धरून माप घ्यायचं ते हत्यार. मला वाचता येत नव्हतं. शेजारच्या इमारतीत हिची कारखान्यातली मैत्रीण राहते. तिच्याकडे गेलो. तिने मला बसवून शिकवलं. पहिल्यांदा मी तिच्या बांगडीची जाडी इतकी चुकीची सांगितली की ती म्हणाली, "भाऊजी, एवढी जाड बांगडी असती तर मी नोकरी कशाला केली असती?" पण जमलं.

मग वस्तादांना म्हटलं, "उजव्या बाजूचा तसाच बोल्ट काढून द्या."

"काका, कशाला जिवाला त्रास करून घेता?"

"माझाच जीव आहे ना? काढा."

उजवीकडच्या नटावर जांभळी रेघ होती, टोकापासून सांगाड्यापर्यंत सरळ. केसाइतकीही तुटलेली नव्हती. वस्तादांनी पाना लावला, लांब नळी जोडून जोर केला तेव्हा कुठे नट हलला. ते स्वतःच म्हणाले, "हा मात्र आवळलाय बाई माणसाने."

उजवा बोल्ट मी व्हर्निअरमध्ये धरला. साडेबारा मिलिमीटरच्या थोडा पुढे.

"म्हणजे चार सूत," वस्ताद म्हणाले. "अर्धा इंच. पुढचा सगळा सांगाडा जुन्या घडणीचा आहे, इंचातला. मागचा मिलिमीटरचा."

रस्त्यात पडलेला बोल्ट धरला. बारा मिलिमीटरही पुरते नाहीत.

वस्तादांनी व्हर्निअर माझ्या हातातून घेतलं. स्वतः मोजलं. परत मोजलं. मग दोन्ही बोल्टची डोकी शेजारी शेजारी धरली. उजव्याच्या डोक्यावर किरणांसारख्या रेघा कोरलेल्या होत्या. पडलेल्याच्या डोक्यावर अंक होते, मध्ये टिंब असलेले.

"रेघा असतात त्या इंची बोल्टला," ते हळूहळू म्हणाले. "अंक असतात ते मिलिमीटरच्या. ही दोन वेगळी घराणी आहेत, काका."

"पण तुमचं पातं दोन्हीला बसलं."

"बसणारच. या दोघांच्या आट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं आहे. फरक इतका कमी की पात्याला कळत नाही. आणि डोकंही दोन्हींचं एकोणीसच्याच पान्याचं. मी जाडी मोजलीच नाही." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "बारीक बोल्ट, मोठा नट. आटे फक्त टोकाटोकाला धरतात. आवळताना वाटतं घट्ट झालं. मग हादरे बसले की ती टोकं खरवडत जातात आणि एक दिवस नट हातात येतो."

पडलेल्या बोल्टचे आटे मी नखाने पाहिले. टोकं बोथट झाली होती.

म्हणजे हा बोल्ट हिचा नव्हता. हिने चार सुताचा लावला होता, टोकावर रेघ ओढून. नंतर कुणीतरी तो काढला, दुसरा घातला आणि नट मात्र हिचाच परत चढवला.

"आणि हे बघा," वस्ताद गाडीखालून म्हणाले. "डावीकडच्या बुशमध्ये, म्हणजे बोल्ट ज्या नळीत बसतो तिच्यात, ताजं ग्रीस आहे. उजवीकडे कोरडं ठणठणीत."

"तुम्ही लावलंत?"

ते बाहेर आले. आता ते माझ्याकडे सरळ बघत होते. "काका, मागे चाकांचं अलाइनमेंट मीच केलं होतं. त्यामुळे पहिला संशय माझ्यावरच येणार, नाही का?"

४

"येणारच," मी म्हणालो. "बोला."

वस्तादांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन कोपऱ्यातली बादली दाखवली. वापरलेल्या नटांनी अर्धी भरलेली. "नायलॉकचा नट एकदा काढला की आमच्याकडे तो या बादलीत. आतली कडी सैल होते. दुसऱ्याचा टूथब्रश वापराल का? तसंच ते. मी बोल्ट बदलला असता तर नट नवा लावला असता. आणि एकाच बाजूला ग्रीस लावून गाडी देणारा मेकॅनिक मी अजून बघितला नाही. एका पायात मोजा घालून कुणी घराबाहेर पडतं?"

मला ते पटलं. शिवाय माझ्याकडे अजून एक गोष्ट होती. अलाइनमेंटनंतर वस्तादांनी गाडी घरी आणून दिली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. गतिरोधकावरून गाडी गेली, काही आवाज नाही. बसवाल्याचे कान आहेत, खालचा खडखडाट मला प्रवाशांच्या भांडणातूनही ऐकू यायचा. त्यानंतर बऱ्याच रविवारी मुलगी ती गाडी घेऊन आली आणि आवाज नव्हता. मग एका रविवारी मी खिडकीत उभा असताना गतिरोधकावर 'टक' झालं. पुढच्या रविवारीही. अर्ध्या इंचाच्या भोकात बारीक बोल्ट, तो आपटणारच. म्हणजे बोल्ट बदलला तो वस्तादांकडून गाडी गेल्यावर खूप दिवसांनी.

तेव्हा गाडी मुलीच्या घरी असायची. आणि त्या दिवसांत मामाही तिथेच राहायला होता.

मेहुणा मला बघून उठू लागला आणि अर्ध्यावरच थांबला. कमरेला रुंद पट्टा होता.

"बस रे. एक विचारायचंय. पोरीकडे होतास तेव्हा गाडीला हात लावलास?"

"लावला की. हात लावला, टेकून उभा राहिलो, फोटो काढला."

"खाली गेला होतास?"

"भाऊजी, मी गाडीखाली गेलो तर मला बाहेर काढायला क्रेन बोलवावी लागेल. चपलेचा अंगठा नीट करायचा तर मी बायकोला हाक मारतो." मग त्याचा चेहरा उतरला. "का? ताईची चूक नाही का ती?"

"नाही."

तो बराच वेळ पट्ट्याच्या बंदाशी खेळत बसला. "मग मी असं बोलायला नको होतं," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला हिनेच वाढवलं होतं.

जावयांना मी त्यांच्या कचेरीच्या खाली गाठलं. नट आणि बोल्ट दाखवले. त्यांनी ते हातात घेतले, पण कसे धरायचे तेही त्यांना कळेना.

"बाबा, मी घरातला बल्बसुद्धा माणूस बोलावून बदलतो. तुमच्या मुलीला विचारा, ती हसेल."

"तरी भंगारवाल्याला तुम्हीच बोलावलंत. एवढी घाई का?"

"मी कुठे घाई केली? तीच म्हणाली. दवाखान्यातून येताना रिक्षातच. म्हणाली, ताबडतोब हलवा, मला ती डोळ्यांसमोर नको." त्यांनी नट उलटसुलट करून पाहिला. "मला एक सांगा, बोल्टबरोबर नट मिळत नाही का दुकानात? जोडीने?"

"मिळतो."

"मग नवा बोल्ट आणणाऱ्याने हा जुना नट कशाला ठेवला?"

मी त्यांच्या हातातून नट घेतला आणि खिशात घातला. त्यांना धन्यवाद म्हणायचंही सुचलं नाही. एवढे दिवस मी विचारत होतो की बोल्ट कुणी बदलला. खरा प्रश्न जावयांनी विचारला होता.

५

मेकॅनिकने नट बादलीत टाकला असता. ज्याला काहीच कळत नाही त्याने दुकानदाराने दिलेली जोडी तशीच लावली असती. जुना नट ठेवणारं माणूस एकच. ज्याला त्या नटावरची जांभळी रेघ टाकवली नाही, ते.

ते नेलपॉलिश कुणाचं होतं, ते मला माहीत होतं.

मी बसथांब्यावरच्या बाकावर बसलो. बस येत होत्या, जात होत्या. माझी बस गेली तरी मी उठलो नाही. हिच्यावरचा आळ काढण्यासाठी मी निघालो होतो, आणि तो आळ काढला की कुणाच्या अंगावर पडणार ते आता समोर दिसत होतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. शनिवारी गाडी गेली असती. हिच्याबद्दल सगळे समजुतीने बोलत राहिले असते.

मी पुढची बस धरली आणि मुलीच्या घराजवळच्या नट-बोल्टच्या दुकानात गेलो. अंदाज होता, पण अंदाजावर मला माझ्या पोरीशी बोलायचं नव्हतं.

दुकानदाराने बोल्ट पाहताच ओळखला. "माझ्याकडचाच. या लांबीचा बारीक आट्याचा एकच पडून होता. एक ताई घेऊन गेल्या."

"ताई?"

"हो. हातभर ग्रीस. जुना बोल्ट आणला होता, टोक हातोडीने चेपून फुलासारखं झालेलं. नट चढणारच नाही त्यावर. मी पातं लावलं, आटे जुळले, पाना जुळला, देऊन टाकला. टोक असं फाकलेलं होतं, जाडी काय मोजणार?"

"आणि नट?"

"जोडीचा नट दिला होता. परत ठेवला. नको म्हणाल्या, आहे माझ्याकडे. मी म्हटलं ताई, नायलॉकचा जुना लावू नका. तर म्हणाल्या, तो माझ्या आईनं लावलेला आहे." त्याने बोल्ट मला परत दिला. "काही झालं का, काका?"

"थोडक्यात निभावलं," मी म्हणालो.

६

शनिवारी सकाळी मी मुलीला भंगारवाल्याच्या आधी बोलावून घेतलं. घरच्या गॅरेजमध्ये ढकलून आणलेली गाडी जॅकवर होती. बाजूच्या बाकावर मी दोन बोल्ट ठेवले, उजवीकडचा आणि रस्त्यात पडलेला. मध्ये नट.

ती आत आली, बाकाकडे बघितलं आणि दारातच थांबली.

"कधी कळलं, बाबा?"

"काल. तुला?"

"प्लास्टर घालत होते तेव्हा. डॉक्टर विचारत होते दुखतंय का, आणि मी मनात म्हणत होते, त्या बोल्टला माझ्याशिवाय कुणी हातच लावलेला नाही." ती स्टुलावर बसली. "आई म्हणायची ना, वर्ष झालं की बोल्ट काढून बुशला ग्रीस लाव. तिच्यासारखं सगळं स्वतः करायचं होतं मला. बोल्ट निघेना म्हणून हातोडीनं ठोकला. टोकाचं वाटोळं झालं. नवा आणला, लावला. इतकी दमले की उजवी बाजू राहूनच गेली."

"नट?"

"नवा हातात होता. पण म्हटलं, हा टाकला तर तिनं केलेलं एक काम कमी होईल." तिने डाव्या हाताने डोळे पुसले. "घट्ट झाला होता, बाबा. शपथ. पाना हलत नव्हता."

"झाला असणार. दोन्ही दिसायला एक. पाना एक. वस्तादही फसले." मी तिला व्हर्निअर लावून दाखवलं, एक बोल्ट, मग दुसरा. ती वाकून बघत राहिली. हिच्याकडून शिकलेली, तिला लगेच कळलं.

"म्हणजे नवा नट लावला असता तर..."

"नट धरला असता. पण भोकात बोल्ट आपटतच राहिला असता. बोल्टच चुकीचा होता. दुकानदाराच्या नजरेतून सुटला, तुझ्या हातून सुटला."

मग मी मला विचारायचं होतं ते विचारलं. "आईचं नाव का घेतलंस?"

"ती गेलीय, बाबा. तिला काय फरक पडणार होता? मला वाटलं, तिच्या नावावर गेलं तर कुणालाच लागणार नाही."

"मला लागलं."

तिने वर बघितलं. बहुतेक तिच्या मनात ते खरंच आलं नव्हतं. आई गेली म्हणजे तिची आई गेली, माझं कोण गेलं हे घरात कुणी मोजलं नव्हतं. मीही कधी बोललो नव्हतो.

"चार दिवस मी झोपलो नाही," मी म्हणालो. "तुझा हात मोडला आणि तो तिनं मोडला असं सगळे सांगत होते. मला तुम्हा दोघींत कुणाची बाजू घ्यावी ते कळेना."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. पाठोपाठ जावयांचा आवाज आणि मेहुण्याचं खोकणं. भंगारवाला दारातून डोकावला. "हीच का गाडी? चाक काढलेलंच आहे, बरं झालं."

मुलगी उठली. मला वाटलं ती म्हणेल, घेऊन जा. क्षणभर तसंच दिसलं. मग ती मामासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, आईनं बरोबर लावलं होतं. बोल्ट मी बदलला. चुकीचा घातला."

मामा तिच्याकडे, मग प्लास्टरकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. "मग ओरडू का तुझ्यावर?"

"ओरड."

"कमरेत चमक भरेल. नंतर ओरडतो." आणि त्याने तिचं डोकं स्वतःच्या खांद्याला टेकवलं.

जावई भंगारवाल्याला म्हणाले, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

"म्हणजे न्यायची नाही?"

"नाही," मी म्हणालो. "गाडीचा वाकलेला दांडा बदलायचाय. दांडा कुठे मिळतो ते माहीत असेल तर सांगा, नाहीतर निघा."

तो पत्ता देऊन गेला. जावई त्याच्या मागे ट्रक रस्त्यावर काढून द्यायला गेले आणि मामा सावलीत खुर्ची शोधू लागला. मुलगी डाव्या हाताने गाडीखालची चटई सरळ करत होती.

"बाबा, पुढचे सगळेच बोल्ट काढून मोजले पाहिजेत. मी त्या दिवशी आणखी कशाला हात लावला, मला नक्की आठवत नाही."

"मोजू."

"माझा एकच हात आहे."

"माझे दोन आहेत. पण मला काही येत नाही."

"मी सांगते."

मी चटईवर पाठ टेकली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली सरकलो. वरून धूळ तोंडात आली. ती बाजूला पालथी पडली आणि प्लास्टरचा हात बाहेर ठेवून दिवा आत धरला. मी पाना नटाला लावला आणि सगळा जोर लावून ओढला. काही हललं नाही. परत ओढला.

"बाबा, उलटं फिरवताय. आवळताय तुम्ही."

"मग सोडायचा कसा?"

"तुमच्याकडे ओढू नका. लांब ढकला."

मी ढकललं. खांद्यात कळ गेली. ती म्हणाली, "अजून," आणि मी अजून ढकललं, आणि नट करकरत हलला.